भिंगारचे डोनेगन

“थुंका म्हणे. जन्मभर ‘येथे थुंकू नये’च्या पाट्या वाचल्या. आता म्हातारपणी थुंका म्हणे, आणि तेही खुणेपर्यंत.”

अप्पा मोरीत दाढी करत होते आणि मी पडद्याच्या अलीकडे भाकरी थापत होते. आमच्याकडे मोरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा आहे. अप्पा त्याला भिंत समजतात आणि आरशातल्या माणसाशी मनातलं सगळं बोलतात.

“अप्पा, ऐकू येतंय मला.”

“मग ऐक. मी नाही थुंकणार.”

“जुईसाठी तरी?”

रेझर थांबला. मग नळ जोरात सुटला. भिंगारला पाणी किती तुटपुंजं येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी अप्पांनी तो तसाच वाहू दिला. म्हणजे विषय संपला.

ती नळी करंगळीएवढी, निळ्या बुचाची. शोकेसमध्ये चांगल्या कपबशांच्या शेजारी उभी होती. तिच्यात माझ्या वडिलांची थुंकी जायची होती, थुंकीतून त्यांचा डीएनए, आणि त्या डीएनएच्या जोरावर माझी मुलगी जुई आयर्लंडला.

हे जरा नीट सांगायला हवं.

मी सुवार्ता शांतवन डोनेगन. मधली काही वर्षं दुसरं आडनाव लावलं होतं, मग नवऱ्याबरोबर तेही सोडलं आणि माहेरी आले. चर्चच्या मागच्या गल्लीत साळवे, उजागरे, कसोटे अशा शेजाऱ्यांत आम्ही एकटेच डोनेगन. शाळेत हजेरी घेताना नवीन बाई माझ्या नावाशी अडखळायच्या. “डोनेगन? म्हणजे डोणगावचे का गं तुम्ही?” नाही बाई. “मग मूळचे कुठले?” आता या प्रश्नाला आपल्याकडे गावाचं नाव सांगून भागत नाही. विचारणाऱ्याला गाव नको असतं, गावातली जागा हवी असते. तेव्हा आम्ही आमचा गोलंदाज बाहेर काढायचो. अप्पांच्या आजोबांचे वडील आयरिश, इथल्या छावणीत तोफा डागणारे गोलंदाज होते. झालं! बाईंचा चेहरा खुलायचा. “अय्या, म्हणून डोळे घारे!” माझे डोळे चांगले काळे आहेत, पण बाईंना घारे दिसायचे. आयरिश गोलंदाज आमच्या घरात छत्रीसारखा होता. प्रश्न पडायला लागले की उघडायचा.

जुई नर्सिंगला गेली तेव्हा दवाखान्यांत माणसं लागत होती. ती शिकून बाहेर पडेपर्यंत सलाईन बदलणारे, पेशंटला कुशीवर वळवणारे, कधी न पेंगणारे यंत्रहात आले आणि अख्ख्या मजल्याला एक नर्स उरली, तीही यंत्रांवर नजर ठेवायला. जुई सहा महिने त्या यंत्रांच्या बोटांना सॅनिटायझर लावत होती. मग तेही यंत्रच करू लागलं. युरोपातल्या म्हाताऱ्यांना अजून माणसाचा हात हवा होता, पण त्या देशांनी दारं लावून घेतली होती. आयर्लंडनं तेवढी एक खिडकी उघडी ठेवली होती. भुकेपायी, फौजेपायी जे देशोधडीला लागले त्यांच्या वंशजांनी परत यावं. वंशज असल्याचं सिद्ध करा, आणि या.

सिद्ध करायचं काम मागोव्याचं. ‘मागोवा’ हे त्या यंत्रणेचं आपल्याकडचं नाव. मी बारावी नापास, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मागोवा मी मशीनवर बसून, कानात व्हिडिओ लावून शिकले. तज्ज्ञ लोक अवघड करून सांगतात, पण कल्पना तशी साधी आहे. आयर्लंडमध्ये शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या यादवीत सरकारी दफ्तरखाना जळाला. जनगणनेचे कागद, कितीतरी चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदी, पिढ्यांच्या पिढ्या राख झाल्या. मागोवा ती राख उलटी वाचतो. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं, तेही बापाकडून मुलाकडे जातं, जवळजवळ जसंच्या तसं. म्हणजे आडनाव आणि वाय हे एकाच जुवाचे दोन बैल. आज जिवंत असलेल्या लाखो माणसांचे डीएनए शेजारी शेजारी मांडले, उरलेसुरले कागद त्यांत मिसळले, की मधली भोकं दिसू लागतात. इथे एक माणूस असायलाच हवा, नाहीतर हे दोघे एकमेकांसारखे का? बाही उसवून टाकली तरी टाक्यांच्या भोकांवरून मला कळतं की इथे बाही होती, केवढी होती, चुण्या होत्या की नव्हत्या. मागोवा तसा गेलेला माणूस परत शिवून देतो.

आमच्यासाठी त्यानं शिवला थॉमस डोनेगन. कॉर्क परगण्यातला, तोफखान्यात भरती, हिंदुस्थानात रवाना, पुढे काही कळत नाही. थॉमसच्या भावाची पणती आजही त्याच गावात होती. ब्रिजिड डोनेगन, निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. माझी वर्षभराची झोप त्यात गेली. आमच्या सगुणापणजीचं, म्हणजे अप्पांच्या आजीचं नाव बाप्तिस्म्यात सारा झालं होतं. घरात सगुणा, चर्चमध्ये सारा. मागोव्यानं जाहीर केलं की अप्पांच्या आजोबांना, मायकेल डोनेगनना, दोन बायका होत्या. पहिली कधी वारली ते कृपया कळवा. मी कळवलं की दोन्ही एकच. त्यानं विचारलं, दोघींपैकी कोणती? मी माणसाशी बोलायचं म्हटलं, तर एक गोड बाई आली आणि म्हणाली, “आपली अडचण आम्हाला समजते.” तीही मागोवाच होती. आपली अडचण ज्याला खरोखर समजते तो असं कधी म्हणत नाही.

शेवटी पणजी एक झाली आणि मागोव्यानं पुढची मागणी केली: वंशातल्या पुरुषाचा नमुना. माझ्यात वाय नाही, जुईत नाही, मला भाऊ नाही. उरले अप्पा. आणि अप्पा नळ सोडून बसले.

*

नळी भरली ती रत्नाकरकाकांनी. काका अप्पांचे धाकटे भाऊ, सावेडीला राहतात. आमचं आयरिशपण त्यांच्याइतकं मनावर कुणी घेतलं नाही. मार्चमध्ये आयरिश सणाला हिरवा टाय लावून फिरतात आणि मे महिन्यात पंख्याखाली बसून म्हणतात, “आपल्या रक्ताला ही गरमी सोसत नाही.”

“दोन भावांचं वाय एकच ना गं, सुवार्ता?” त्यांनी बूच उघडलं. “मग दादाची मनधरणी कशाला? आपल्याकडे माल भरपूर आहे.”

“रत्ना, नको,” अप्पा खुर्चीतून म्हणाले.

“का पण?”

“उगाच.”

“उगाच हे काय कारण झालं? पोरीचं कल्याण होतंय.”

“आजोबा, तुम्ही तर थुंकलाही नाहीत, आता काकाआजोबांना तरी थुंकू द्या,” जुई म्हणाली. हसत म्हणाली, पण हसू फक्त दातांपुरतं होतं.

अप्पा उठून फाटकापाशी गेले. आमच्या फाटकाला काही झालेलं नव्हतं, तरी ते बराच वेळ कडी लावून काढून बघत होते.

निकाल यायला दोन महिने लागणार होते. तेवढ्यात ब्रिजिडबाई आमच्या घरच्या होऊन गेल्या. दर रविवारी चर्चमधून आलो की त्यांचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर यायचा. बोलायला दुभाषा होताच, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे लगेच करून देणारा. फक्त त्याची मराठी आकाशवाणीवर शिकल्यासारखी होती.

“बंधू शांतवन, आज आपण कोणते अन्न सेवन केले?”

“मटण आणि बाजरीची भाकरी सेवन केली,” अप्पा खूश होऊन सांगायचे. “आणि तुम्ही बाई?”

“मी एकटीसाठी केवळ सूप.”

“एकटीसाठी असलं तरी नीट करावं माणसानं.”

त्या हसायच्या. त्यांनी जुईसाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. पडदे कुठल्या रंगाचे लावू म्हणून दोन कापडं समोर धरून दाखवली होती, आणि गावातल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी नात येतेय. शिक्षिका होत्या, तेव्हा आमच्या नावांचे उच्चार घोटून घोटून बसवले होते. सुवार्ता म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, पण सोडायच्या नाहीत. सगळं छान चालायचं, आणि मग त्या कधीतरी म्हणायच्या, “शेवटी आपले रक्त एक आहे.” की अप्पा उठले फाटकाकडे.

मला माहीत होतं का? कुणी सांगितलेलं नव्हतं. पण घरात ज्या दिशेला कुणी बघत नाही, तिकडे काहीतरी आहे हे पोरांना कळतंच. एप्रिलमध्ये निळ्या झेंड्यांची मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून जायची, तेव्हा अप्पा खिडकी लावून घ्यायचे. लावून घ्यायचे आणि तिच्या फटीशी मिरवणूक जाईपर्यंत उभे राहायचे. मी विचारलं नाही. आमच्या घरात सगळे फार शहाणे होते.

*

निकाल आला तो शनिवारी दुपारी. काका मुद्दाम पेढे घेऊन आले होते. अप्पा पलीकडे खाटेवर आडवे होते. मी आवाज हळू केला.

“नमुना डोनेगन घराण्याच्या नमुन्याशी जुळत नाही,” मागोवा म्हणाला. “आयरिश अंश: शून्य.”

काकांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“तथापि,” मागोवा पुढे म्हणाला, आणि त्या ‘तथापि’नं जुईच्या चेहऱ्यावर परत रक्त आलं.

तथापि असं होतं. मागोव्याच्या हिशेबात आडनाव खरं, गोलंदाज खरा, मायकेल त्याचा मुलगा हेही खरं. मग वाय का जुळत नाही? याचा अर्थ मधे कुठेतरी बैल बदललाय. म्हणजे कुठल्यातरी बाईचं मूल तिच्या नवऱ्याचं नाही. कुठली बाई? मागोव्यानं कागद चाळले. पहिल्या महायुद्धात मायकेल डोनेगन खेचरांच्या पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होता. त्याच काळात इकडे भिंगारमध्ये सगुणाला मुलगा झाला, म्हणजे अप्पांचे वडील. मायकेल रजेवर आल्याचा कागद नाही. शिपायाला रजा मिळू शकते, तो घरी येऊ शकतो, हे मागोव्याला ठाऊक नसावं. त्याच्यापुरतं ज्याचा कागद नाही ते घडलं नाही.

“बाह्य पितृत्व,” मागोव्यानं त्याच गोड आवाजात सांगितलं. “सर्वाधिक शक्यता: सगुणा ऊर्फ सारा मायकेल डोनेगन. विवाहात जन्मलेले मूल पतीचेच मानले जाते, त्यामुळे कायदेशीर वंश अबाधित आहे. कुटुंबातील ज्येष्ठ पुरुषाने हे स्पष्टीकरण मान्य असल्याचा तोंडी दुजोरा दिल्यास अर्ज मंजुरीस पात्र ठरेल. अभिनंदन.”

 मग जुईनं विचारलं, “म्हणजे... झालं काम?”

“झालंच की!” काकांनी पेढा तोंडात टाकला. “दादानं हो म्हटलं की झालं. नाहीतरी शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. कोण बघायला गेलंय?”

“काका, तुमची आजी आहे ती.”

“होती. आता ती वर आहे, तिला काय फरक पडतो? तिकडे ना लग्न लागतं, ना पासपोर्ट.”

“पण तिनं काही केलंच नसेल तर?”

“सुवार्ता, यंत्र सांगतंय.”

“यंत्राला काय हो! हिशेब चुकला की पहिलं बोट बाईकडे. इतक्या पुरुषांची साखळी आहे, त्यात एकालाही विचारलं नाही त्यानं की बाबा, तू कुठला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेढ्यांचा बॉक्स बंद केला. त्या एका नजरेत मला कळलं की काकांनाही माहीत आहे. हिरवा टाय लावणाऱ्याला तर जास्तच माहीत असतं.

जुई मात्र माझ्यावरच उखडली. “आई, तू माझ्या बाजूची आहेस की त्या खापरपणजीच्या? मी इथे काय करू? यंत्रांची बोटं पुसू? ब्रिजिडआजींनी पडदेसुद्धा लावलेत गं!”

“कसले पडदे?” दारातून अप्पांनी विचारलं. ते कधी उठून आले ते कुणाला कळलंच नव्हतं.

“काही नाही दादा,” काका म्हणाले, “किरकोळ तांत्रिक अडचण आहे. तू उद्या ब्रिजिडबाईंसमोर फक्त हो म्हणायचं.”

“कशाला हो?”

काका टाय नसलेला गळा खाजवू लागले. जुई नखं बघू लागली. मग मीच भिंतीवरच्या पडद्यावरचं सगळं वाचून दाखवलं, बाह्य पितृत्वासकट.

अप्पा खुर्चीचा हात धरून खाली बसले. रागावतील असं वाटलं होतं. पण ते इतक्या लहान आवाजात बोलले की ऐंशी पार केलेला माणूस एकदम दहा वर्षांचा वाटला.

“तिनं मला वाढवलंय,” ते म्हणाले. “बायबलबाई होती. वचन सांगत खेड्याखेड्यानं अनवाणी फिरायची. पायाला भेगा इतक्या, की रात्री मी मेण लावून द्यायचो. आजोबा फौजेतनं आले तेव्हा बहिरे होऊन आले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती सगळं जग त्यांना ओरडून सांगायची. ते जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही. तिच्यावर हे?”

“म्हणून तर म्हणतो, दादा, तिला काय कमी होणार आहे...”

“रत्ना, तू घरी जा.”

काका गेले. पेढे तसेच राहिले.

संध्याकाळी मी अप्पांच्या शेजारी पायरीवर बसले. ते लसूण सोलत होते.  

“अप्पा, वाय न जुळायला दुसरं काही कारण असलं तर मागोवा ऐकून घेतो. पण कुणीतरी ते सांगायला लागतं.”

“आणि सांगितलं तर जुईचं?”

“अर्ज जाईल.”

“मग?”

“मग मला माहीत नाही.” मला खरंच माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या यंत्रापुढे डोकं आपटलं होतं ते जुईसाठी. आता एक ‘हो’ म्हटलं की सुटलो, आणि तो ‘हो’ मला माझ्या वडिलांच्या तोंडून काढवत नव्हता. बरं, ‘नाही’ म्हणा असंही सांगवत नव्हतं. जुई माझ्या पोटची आणि सगुणा मी फोटोतसुद्धा न पाहिलेली. तरी मागोव्याची ती ओळ वाचल्यापासून कुणीतरी माझ्याबद्दलच काही बोलून गेल्यासारखं वाटत होतं.

“तू कधी विचारलं नाहीस,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“माझ्या बापानं मला सांगितलं नाही. आजीनं सांगितलं. बापाला कळलं तेव्हा तो तिच्याशी महिनाभर बोलला नाही.” त्यांनी सोललेल्या पाकळ्या ताटलीत सारख्या केल्या. “बघू उद्या.”

*

रविवारी चर्चमधून आल्यावर अप्पांनी अंगातला कोट काढलाच नाही. काका आले ते मुकाट भिंतीशी उभे राहिले. जुईनं रात्रभर डोळे चोळले होते, ते दिसत होतं. पडद्यावर अर्ध्यात ब्रिजिडबाई, पांढरे केस नीट विंचरलेले, आणि अर्ध्यात मागोव्याचं हिरवं चौकोनी बटण. त्याला ‘हो’ ऐकायचा होता.

बाईंना निकाल आदल्या दिवशीच गेला होता. त्या अप्पांकडे बघून आधीच बोलू लागल्या. दुभाष्यानं आवाज हळवा केला.

“बंधू शांतवन, आपणास संकोच वाटू नये. आपल्या आजीविषयी माझ्या मनात राग नाही. ती तरुण होती, पती दूर देशी होता. आमच्या गावातही अशा गोष्टी घडल्या, आणि त्या बिचाऱ्या मुलींना फार कठोर शिक्षा झाल्या. मी तिला मनापासून क्षमा केली आहे.”

“झालं,” काका पुटपुटले. “आता हो म्हण, दादा.”

“कृपया आपला दुजोरा द्या,” मागोवा म्हणाला.

अप्पांनी जुईकडे पाहिलं. जुईनं मान वळवली नाही, त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि तिचे ओठ न बोलता हलले: आजोबा, प्लीज.

“बाई,” अप्पा म्हणाले, “तुम्ही तिला क्षमा केली?”

“मनापासून.”

“ती परत घ्या.”

दुभाषा क्षणभर अडखळला, मग त्यानं ते तिकडे पोचवलं. ब्रिजिडबाईंनी चष्मा काढला.

“तिनं काही केलेलं नाही. माझ्या आजीला माफी लागत नाही. यंत्राचं चुकलं. तुमच्याकडे नाव रक्तातनंच येत असेल. आमच्याकडे एक नाव टपालानं आलं.”

“दादा, पुरे.”

“थांब रत्ना. बाई, तुमच्या घरातली ती थॉमसची आई. तिचा मुलगा इकडे फौजेत आला आणि गेला, तो कुठे पुरलाय तेही तिला कळलं नाही. तेव्हा इकडे मोठा दुष्काळ पडला होता. मिशनमध्ये अनाथ पोरं मावत नव्हती. तिकडची माणसं एकेका पोराचा खर्च उचलायची आणि सांगायची, आमच्या घरातलं नाव त्याला द्या. तेव्हाची रीतच होती ती. थॉमसच्या आईनं एक पोर उचललं. नाव पाठवलं, मायकेल डोनेगन. ते माझे आजोबा. तिच्या पैशानं जेवले, शिकले, मोठे झाले. पण रक्त नाही, बाई. एक थेंब नाही. मायकेलचा बाप गोलंदाज नव्हता. गोलंदाज माझ्या वडिलांनी आणला, मला शाळेत घालताना. त्यांना वर्गाच्या दाराबाहेर बसवलं होतं, मला तसं बसवू नये म्हणून. आणि खरं सांगतो, तो गोलंदाज फार उपयोगी पडला.”

मागोव्यानं मधे काहीतरी विचारलं. मी त्याचा आवाज बंद केला. वर्षभरात पहिल्यांदा मला त्याच्यावर रागसुद्धा आला नाही.

“जुईचा अर्ज यानं जाईल, ते मला कळतंय,” अप्पा म्हणाले.  “जुई, तुझं तिकीट मी फाडलं. मला शिव्या दे. पण त्या बाईच्या अंगावर चिखल टाकून मी तुला विमानात बसवणार नाही.”

 जुईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठला नाही.

पडद्यावर ब्रिजिडबाईंनी चष्मा परत घातला. बोलल्या तेव्हा रडत नव्हत्या. शिक्षिकेनं मुलाला विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, आणि दुभाष्यानंही, कसा कोण जाणे, या वेळी साधं बोलून सांगितलं:

“मग ते मूल कुणाचं होतं, शांतवन?”

हा प्रश्न आम्हाला जन्मभर लोकांनी विचारला होता, पण या बाईंना उत्तरात आमची जागा बघायची नव्हती. त्यांना खरोखर एका पोराची आई कोण ते हवं होतं. काका दाराकडे वळले. मी जुईचा हात धरला. अप्पा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उभे राहिले, चर्चमध्ये वचन वाचायला उभे राहतात तसे.

“पाथर्डीकडच्या एका गावातलं,” ते म्हणाले. “बाप दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता मेला. आईनं त्याला पाठीवर घेऊन मिशनच्या दारापर्यंत आणलं, आणि ती दारातच गेली. गावात त्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते. घरं गावाबाहेर होती.” ते जुईकडे वळले. “महारवाड्यात. आपण महार आहोत, पोरी.”